गढीची मागची खिडकी

वामनराव खिडकीवाले बावीस वर्षांनी सोळंक्यांच्या अंगणात आले, आणि आले ते नेमके चतुर्दशीला, सगळे भाऊबंद जमलेले असताना.

भाद्रपदातली वद्य चतुर्दशी म्हणजे हत्याराने मेलेल्यांच्या श्राद्धाचा दिवस. इतर घरांत तो कधी येतो नि कधी जातो, कळतही नाही. हिंगणगढीच्या सोळंक्यांकडे मात्र वर्षातला मोठा दिवस हाच. दिवाळीला तोंड न दाखवणारा चुलतभाऊही या दिवशी धोतर झटकत हजर होतो. गढीच्या लढाईत पडलेल्या सतरा जणांना या दिवशी पाणी सोडायचं, सतरा पानं वाढायची आणि सतरा नावं घरच्या कर्त्या पुरुषाने एका दमात घ्यायची. शेषराव हे काम चाळीस वर्षं करत होते आणि एकदाही अडखळले नव्हते. नव्या सीलिंगच्या कायद्याने जमीन जाईल, पण नावं कोण नेतो, असं ते चारचौघांत म्हणत, आणि ऐकणाऱ्यांना माना डोलवाव्याच लागत.

यंदा त्यात दगडाची भर पडली होती. महाराष्ट्र होऊन अडीच वर्षंही झाली नव्हती, पंचायत समित्या तर चारच महिन्यांच्या, आणि नवे सभापती दसऱ्याला गढीच्या पडक्या वेशीपाशी लढाईचा शिलालेख उघडणार होते. मजकूर शेषरावांचा मोठा मुलगा उद्धव याने लिहिला होता. तो बुलढाण्याला कचेरीत कारकून, अक्षर देखणं, शब्द भारदस्त. उकंडा पाथरवटाने तो काळ्या दगडावर गेरूने उतरवून ठेवला होता आणि दगड अंगणातच निंबाखाली आडवा पडला होता. तर्पण झालं की छिन्नीचा पहिला घाव घालायचा, असं ठरलं होतं. पितृपक्षात नवं काम धरत नाहीत, पण मेलेल्यांचाच दगड म्हटल्यावर गुरुजींनीही हरकत घेतली नाही.

वामनरावांनी टोपी काढली नाही की नमस्कार केला नाही. ते थेट दगडापाशी गेले, खाली वाकले आणि शेवटच्या दोन ओळी त्यांनी मोठ्याने वाचल्या. गावच्या शाळेचे मुख्याध्यापक ते. वाचणं खणखणीत होतं.

"घरभेदी गोकुळसिंग याने मागील खिडकी उघडून दिल्यामुळे गढी पडली. गढीतून एकही जीव जिवंत बाहेर पडला नाही."



"शेषरावजी, मी जेवाले नाई आलो," वामनराव म्हणाले. "ह्या दोन ओळीतली पह्यली ओळ काढा, एवढंच मांगाले आलो. तीनशे वर्सं तुमी बोलले, आमी ऐकलं. पन हा दगड शाळेच्या रस्त्यावर लागन. माही नात यंदा पह्यलीत हाय. तिले वाचता येते. मीच शिकवलं."

गोकुळसिंग हा वामनरावांचा पूर्वज. गढीचा साधा पहारेकरी, कुणा दासीच्या पोटचा, अशी गावाची समजूत. आणि त्याच्या वंशाला सोळंके असूनही कोणी सोळंके म्हणत नसे. तटातल्या त्या चोरदरवाजावरून खिडकीवाले म्हणत. चतुर्दशीला त्यांनी यायचं, पण पंगतीत बसायचं नाही. सगळे उठले की मागच्या दाराशी उभं राहून भाकर हातावर घ्यायची. वामनरावांच्या बापाने जन्मभर घेतली. वामनराव मास्तर झाले त्या वर्षी त्यांनी येणं बंद केलं.

शेषराव सोवळ्यात होते. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवायची गरज त्यांना कधी पडतच नसे.

"मास्तर, जे झालं थेच लिवलं. त्यात माह्या पदरचं काई नाई. बसा, आयका. आज तसंही लढाई सांगाचा दिवस हाय."

ही लढाई सांगणंही दर सालचंच. शेषराव ओट्यावर उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे उत्तरेकडे हात करून त्यांनी सुरुवात केली.

"फौज बऱ्हानपूराकडून आली. इकडे रोहिनखेडच्या अंगानं घाट चढली, तवा दोन कोसावरून धूय दिसत होती. चार हजार घोडं, अन् तीन हत्ती. गढीत आपले तरवारबहाद्दर सतरा. हमीरसिंग म्होरक्या. फौजेच्या सरदारानं निरोप धाडला का किल्ल्या द्या, मान ठेवतो. हमीरसिंगानं निरोप्याले गूळपानी देलं अन् सांगितलं, किल्ल्या हिरीत टाकल्या, वर काढून घे."

पोरं हसली. ती दर वर्षी इथे हसतात.

"पह्यल्या दिवशी गावातले सारे जाते, पाटे, वरवंटे उचलून वेशीमांगं रचले. चाकं काढून गाड्या आडव्या टाकल्या. हत्तीनं धडक मारली तं वेस हालली, पन उघडली नाई. वरून कढत जवसाचं तेल सोडलं. हत्ती फिरला, अन् आपल्याच लोकाईले तुडवत गेला. दुसऱ्या दिवशी दगडगोटे. तटावर गोफनी चालू होत्या सकाळपासून दिवस बुडेपरेंत. हाताची साल निंगाली, पन गोफन थांबली नाई."

गोफणी चालवणारे गावचे कुणबी, धनगर नि महार होते. शेषरावांच्या गोष्टीत ते 'हात' एवढेच येत. सतरांच्या यादीत त्यांच्यातलं एकही नाव नव्हतं, आणि त्याबद्दल आजवर कुणी विचारलंही नव्हतं.

"तिसऱ्या दिवशी पानी सपलं. तरी बी वेस उभी! अन् चौथ्या दिवशी पहाटे ह्या गोकुळसिंगानं मांगची खिडकी उघडली. फौज मांगून अंदर शिरली. समोर हत्ती, मांगं घोडं, मंधात सतरा. एक एक जन वीस वीस घेऊन पडला. हमीरसिंगाचं मुंडकं वेशीत पडलं, अन् धड चाळीस पावलं लढत गेलं." इथे शेषराव नेहमी थांबत आणि तांब्यातलं पाणी पीत. आजही प्याले. "गढीतून एक बी जीव जित्ता बाहीर नाई पडला. पन किल्ल्या बी नाई गेल्या."

माजघराच्या दारात बायका उभ्या होत्या. त्यांत उद्धवची बायको सुहासिनी होती, कडेवर दोन महिन्यांचं मूल घेऊन. अकोल्याची, मॅट्रिक झालेली. लग्नाला दोन वर्षं झाली होती, म्हणजे ही लढाई ती दुसऱ्यांदा ऐकत होती. पहिल्या वेळी नवी नवरी म्हणून डोक्यावरचा पदर सावरण्यातच लढाई संपली होती. आज तिने नीट ऐकली. सासऱ्यांसमोर, तेही भाऊबंदांच्या देखत, सुनेने बोलायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती सासूच्या कानाशी लागून बोलली. पण अंगणात इतकं चिडीचूप होतं की ते निंबाखालच्या उकंडालाही ऐकू गेलं.

"आई, सगळेच मेले, तर मग आपण कोणाचे?"

कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. तीनशे वर्षं दर चतुर्दशीला ही गोष्ट सांगितली गेली होती, आणि एवढा साधा हिशेब एकाही सोळंक्याच्या डोक्यात आला नव्हता. वामनरावांनीही मान वर केली. त्यांच्याही डोक्यात कधी आला नव्हता.

"सुहास, तू अंदर जाय," उद्धव म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. 'एकही जीव' हे शब्द त्याचे होते. हेडक्लार्कने वाचून पाठ थोपटली होती.

"जाते. पण बाळाला सव्वा महिना झाला तेव्हा आम्ही जे केलं ते काय होतं, तेवढं कोणी सांगा."

"सुहासिनी!" विमलबाई म्हणाल्या. दटावण्यासाठीच त्यांनी तोंड उघडलं होतं. पण पुढे त्या काही बोलल्याच नाहीत.

शेषरावांशी लग्न होऊन विमलबाईंना पस्तीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याच्या शब्दाबाहेर त्या गेल्या नव्हत्या. मिठाचं प्रमाणही त्यांनी त्याच्या जिभेने ठरवलं होतं. पण सुनेने नुसतं नाव काढलं आणि त्यांना तीन पहाटा आठवल्या. उद्धवच्या वेळची, मधल्या मुलीच्या वेळची, आणि जो वाचला नाही त्याच्या वेळची. तीनदा मागच्या खिडकीतून त्या वाकून बाहेर पडल्या होत्या. का, हे त्यांनी एकदाच विचारलं होतं. सासू म्हणाली होती, असंच असते.

"सांगाच आता," मागून वच्छलाबाई म्हणाल्या. शेषरावांच्या थोरल्या भावाची ही विधवा. सत्तरी ओलांडलेली, घरातली सगळ्यात मोठी बाई. त्या भाजी निवडत होत्या आणि त्यांनी हात थांबवला नव्हता. "सांग, विमल. मले दम लागते."

"बायाईच्या गोठी इथं कायले?" शेषराव म्हणाले.

"इथंच पाह्यजेत," विमलबाई म्हणाल्या, आणि आपला आवाज एवढा मोठा आहे याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. "आयकून घ्या. ह्या घरात लेकरू झालं का सव्वा महिन्यानं बाया त्याले मांगच्या खिडकीतून बाहीर नेते. पहाटे, अंधारात. जोडव्याईले चिंधी बांधते, वाजू नये म्हून. बांगड्या वर कोपरापाशी सरकवून बांधते. लेकराच्या तोंडात गुयाच्या पान्याची चिंधी देते, रडू नये म्हून. कोनी बोलत नाई. नाल्यापरेंत अनवानी जाते, अन् दिवस निंघेपरेंत दरडीखाली बसते. मंग बिनमिठाची कोरडी भाकर खाते. तुमाले वाटते बाया पूजेले गेल्या. पूजा नाई करत आमी तिथं. काईच नाई करत. लपून बसतो."

 गुरुजींनी दर्भाची जुडी खाली ठेवली.

"अन् ते खिडकीचं म्हनान," वच्छलाबाई म्हणाल्या, "तं दोन हात उंच हाय थे. भरला हंडा घेऊन सुनेले निंघता येत नाई तिच्यातून. फौज कशी शिरली रे शेषा? रांगत?"

आता मात्र दोघे-तिघे उघडपणे हसले. शेषरावांच्या चुलतभावांपैकी एकाने तर मान डोलवली. सकाळी हाच भाऊ दगडाभोवती सगळ्यात जास्त मिरवत होता.

"एक राहिलं, आई," सुहासिनी हळूच म्हणाली. "आत बसणारी."

"हाव. सगळ्या बाहीर पडल्या का एक बाई अंदर राह्यते. थे अडसर लावते, अन् अंदरून म्हनते, जा, मी हाओ. थे मांगून येत नाई. तिनं अंदरच राहाचं. थे बाई आमच्यातली नसते, खिडकीवाल्याईच्या घरची असते. उद्धवच्या वेळी मास्तरच्या माय होत्या. आता ह्या लेकराच्या वेळी गोजरबाई आल्या."

"कोन?" वामनराव म्हणाले.

"गोजरबाई. तुमच्या घरच्या."

"गोजर? माही गोजर इथं येते?"

"बारा डाव आली," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमच्या घरच्या लेकराईच्या वेळी बी हीच खिडकी. तवा बी तिचंच कोनी अंदर बसते."

वामनराव ओट्याच्या कडेला बसले. बावीस वर्षं त्यांनी या अंगणाचं नाव घरात काढू दिलं नव्हतं. ज्या रस्त्यावरून गढी दिसते तो सोडून ते शाळेला लांबच्या रस्त्याने जात. आणि गोजरबाई, त्यांची बायको, जी त्यांच्यासमोर हो म्हणून मान हलवायची, ती बारा वेळा अंधारात इथे येऊन गेली होती. रागवावं का हसावं, हे त्यांना ठरवता येईना.

"म्हनजे खिडकी लावून थो अंदरच राह्यला," ते सावकाश म्हणाले. वर्गात गणित सोडवताना बोलावं तसा आवाज होता. "गोकुळसिंग. बायापोरं काढली, अन् अडसर लावून अंदरच राह्यला. थो बी हत्यारानंच मेला."

 सगळे शेषरावांकडे पाहत होते. शेषरावांनी उपरणं खांद्यावर घेतलं आणि ते घराच्या मागच्या बाजूला चालू लागले.

उद्धव बायकोजवळ आला. "तू मले हे आधी काऊन नाई सांगितलं? मजकूर लिवून राह्यलो होतो तवा?"

"तुम्ही मजकूर हेडक्लार्कला दाखवला," सुहासिनी म्हणाली. "मला कुठे दाखवला?"

 उद्धवने मूल तिच्याकडून घेतलं आणि तो दगडापाशी जाऊन उभा राहिला, गेरूच्या आपल्याच अक्षरांकडे बघत.

घराची मागची भिंत म्हणजे गढीचाच राहिलेला तट. खिडकीही तिथेच, जुनाट, लोखंडी पट्ट्यांची. शेषरावांनी तिचा अडसर काढला नाही. ते नुसते समोर उभे राहिले. बायकांनी सांगितलेलं त्यांना खरंच माहीत नव्हतं. पण दुसरं एक माहीत होतं, आणि गावात ते माहीत असलेले ते एकटेच होते.

राजपुतान्यातून भाट यायचा. दहा-बारा वर्षांनी एकदा, उंटाच्या कातड्यात बांधलेली वंशावळीची वही घेऊन. ती वही घरच्या कर्त्यालाच वाचून दाखवायची, असा रिवाज. शेषरावांचे वडील आणि थोरला भाऊ एकाच साथीत गेले, आणि वयाची एकवीस वर्षं पुरी व्हायच्या आतच शेषराव कर्ते झाले. त्या साली भाटाने त्यांना वही दाखवली. रतनसिंग, आणि त्याखाली दोन नावं शेजारी शेजारी. हमीरसिंग, गोकुळसिंग. आई एकच. भाट म्हणाला होता, तुमच्या वडिलांनी हे पान पाहिलं आणि पुढचं पान उलटायला सांगितलं. शेषरावांनीही पुढचं पान उलटायला सांगितलं होतं.

सख्ख्या भावाचा वंश म्हटला की गावचा मान दोन घरांत वाटला जाणार. दासीचं पोर म्हटलं की भाकर हातावर देऊन भागतं. इतकं ते सोपं होतं. आणि सोपं होतं म्हणूनच ते चाळीस वर्षं टिकलं.

मागून वच्छलाबाई आल्या. काठीशिवाय आल्या, भिंतीला धरून धरून.

"वैनी, तुमी कायले उठल्या?"

"तुले न्याले आली. गुरुजी घड्याळ पाहू राह्यले. दुपारचा काळ टळला तं श्राद्ध वाया जाते म्हनते."

"जगात सांगत फिरलो मी," शेषराव म्हणाले. "एक बी जीव बाहीर नाई पडला म्हून. आता दगडावर काय लिवू? सोळंके खिडकीतून पयाले?"

"पयाले नाई रे. बायाईनं नेले." वच्छलाबाई खिडकीच्या उंबऱ्यावर टेकल्या. "मी अकरा वर्साची होती. नवी नवरी. सासूबाईच्या अंगात ताप होता, म्हून तुले माह्या हातात देलं. ह्याच खिडकीतून. मले लय भेव लागे, तू रडला तं सासू मारन म्हून. पूरा रस्ता तुह्या तोंडावर हात धरून चालली. नाल्यावर हात काढला तं तू झोपला होता." त्या थांबल्या, श्वास घेतला. "तू लिव बापा, काय लिवाचं थे. पन एक बी जीव बाहीर नाई पडला म्हनशीन, तं मी तुले कोठून आनलं, थे बी लिव."

 शेषरावांनी वहिनीला हाताला धरून उठवलं. 

अंगणात आल्यावर त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. सरळ दगडापाशी गेले.

"उकंडा, खालच्या दोन्ही ओळी पुसून टाक."

"दोन्ही, मालक?"

"दोन्ही."

"बाबा, मंग तिथं काय लिवू?" उद्धवने विचारलं.

"मंग सांगतो. आधी पुस."

उकंडाने ओलं फडकं फिरवलं. गेरूचं लाल पाणी दगडावरून मातीत उतरलं. वामनराव ते शेवटच्या अक्षरापर्यंत पाहत राहिले, आणि मग उठले. एक ओळ मागायला आले होते, दोन गेल्या. आता इथे थांबण्यासारखं काही नव्हतं.

"माहं काम झालं, शेषरावजी. येतो."

शेषरावांनी मान हलवली. इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. भाऊबंदांनी शेषरावांचा मोठेपणा वाखाणला असता, मास्तर समाधानाने घरी गेले असते, आणि भाटाच्या वहीतलं पान पुढच्या कर्त्यासाठी तसंच मिटलेलं राहिलं असतं. खुद्द शेषरावांनाही क्षणभर तसंच वाटलं. ते पाटावर बसले, जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, दर्भ बोटात अडकवला.

"मास्तर, तर्पन होईपरेंत थांबा," वच्छलाबाई दारातून म्हणाल्या. "बाहीरून आयकाले कोनाची मनाई हाय?"

वामनराव ओट्याखाली उभे राहिले.

शेषरावांनी ओंजळीत तीळ आणि पाणी घेतलं आणि नावं सुरू केली. हमीरसिंग. उदयसिंग. भीमसिंग. एकेका नावाबरोबर अंगठ्याच्या बाजूने पाणी ताम्हनात पडत होतं. आवाज चाळीस वर्षांचा सरावलेला. दहा झाली, पंधरा झाली. सतरावं नाव झालं.

"झाले सतरा," गुरुजी म्हणाले. "आता पिंडांकडे वळू."

"थांबा. आनखी एक हाय."

गुरुजींनी यादी पाहिली. यादीत सतराच होती.

शेषराव पाटावरून अर्धे सरकले. "मास्तर, या. इथं बसा."

"कुठं?" वामनराव म्हणाले. "मांगं?"

"इथं. माह्या बाजूले. सदरा काढा."

वामनराव जागचे हलेनात. शेवटी विमलबाई उतरल्या, त्यांनी मास्तरांच्या पायांवर पाणी घातलं. मग ते आले, टोपी आणि सदरा ओट्यावर ठेवला, आणि पाटाच्या रिकाम्या अर्ध्या भागावर बसले. दोघांचे गुडघे एकमेकांना टेकले. शेषरावांनी आपल्या ओंजळीतलं पाणी खाली सोडलं आणि पळी मास्तरांच्या हातावर धरली.

"नाव?" गुरुजींनी विचारलं.

"गोकुळसिंग," वामनराव म्हणाले.

"गोत्र?"

 वामनरावांच्या घरात कुणी कधी गोत्र सांगितलं नव्हतं. लग्नाच्या वेळी भटजी 'कश्यप' म्हणून वेळ मारून नेत.

"भारद्वाज," शेषराव म्हणाले. "आमचंच."

"बरं. आणि नातं काय म्हणू?" गुरुजी माणूस भला होता. गावात जे ऐकलं होतं तेच त्याने विचारलं. "सेवक म्हणू, का आश्रित?"

 निंबाखाली उकंडाने फडकं पिळणं थांबवलं. माजघराच्या दारात पाच-सहा बायका एकमेकींना धरून उभ्या होत्या. सगळ्या अंगणाला वाटलं, म्हातारा आता अडखळला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"भाऊ," शेषराव म्हणाले.  त्यांनी घसा खाकरला आणि आतल्या चुलीपर्यंत ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं. "भाऊ म्हना, गुरुजी. हमीरसिंगाचा सख्खा भाऊ. रतनसिंगाचा ल्योक, एका मायच्या पोटचा. भाटाच्या वहीत लिवलं हाय. माह्या बापानं वाचलं होतं. मी बी वाचलं."

वामनरावांची ओंजळ उघडली. तीळ-पाणी त्यांच्याच मांडीवर सांडलं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"एकवीस साली."

"एकवीस साली मी सात वर्सांचा होतो. चतुर्दशीले मांगच्या दाराशी होतो, बापासंगं. हातावर भाकर घेऊन."

"हाव," शेषराव म्हणाले. त्यांनी नजर खाली घातली नाही. "पाटावरून दिसत होता मले तू."

गुरुजी हळूच म्हणाले, पाणी पुन्हा घ्यावं लागेल. विमलबाईंनी तांब्या पुढे केला. वामनरावांनी शेषरावांकडे बघत मांडीवरचे ओले तीळ झटकले. मग त्यांनी ओंजळ पुढे केली, ती भरली, आणि पूर्वजाचं नाव घेतलं.